न तपासलेली गोणी

आमच्या कॉलेजात फुटबॉल आला तो कोल्हापूरच्या एका माणसाबरोबर. पीटीचे जुने सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी हे आले. पेणला तोवर खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर डॉक्टर-वकिलांच्या पोरांचं क्रिकेट. हे सर पहिल्या दिवशी ग्राउंडच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "एवढं पटांगण आणि गोलपोस्ट न्हाई? माणसं हाईसा का कोन?" महिन्याभरात सुरूच्या वाशांचे दोन गोलपोस्ट उभे राहिले. जाळी म्हणून खाडीकडच्या कोळ्यांकडून एक फाटकं जाळं आणलं. त्याला कित्येक दिवस सुकटीचा वास येत होता आणि तो सगळ्यात जास्त मला यायचा, कारण मी गोलकीपर होतो.

मी गोलकीपर कसा झालो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं आमच्याच घरातून निघालेलं आहे. पेणजवळ हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरापुढे पत्र्याची शेड, आत साचे, मातीचे-प्लास्टरचे ढीग आणि कामाला वडील, आई, काका, मी आणि सीझनपुरती चार माणसं. आषाढ लागला की गावात ट्रक यायला लागायचे आणि आमच्या बाजूची पोरं वर्गातून, ग्राउंडवरून, सगळीकडून गायब व्हायची. सर एक दिवस भांडायला म्हणून गावात आले. तेव्हा आमचा माल ट्रकात चढत होता. मूर्ती हातोहात देतात. काकांचा पाय चिखलात घसरला आणि हातातला फूटभर उंचीचा गणपती सुटला. मी तो गुडघ्याच्या उंचीवर झेलला. सोंडसुद्धा हलली नाही. सर भांडायला आले होते ते विसरले. माझे रंगाने भरलेले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि वडिलांना म्हणाले, "हे हात मला पायजेत." वडील म्हणाले, "चतुर्थीनंतर न्या." तरी सरांनी रोजचा संध्याकाळचा तासभर मागून घेतलाच.

टीममध्ये माझा एकच दोस्त होता. त्याचं नाव लिहीत नाही. तो गडब गावचा, म्हणून सगळे त्याला गडबवाला म्हणायचे. कबड्डी खेळून आलेलं अंग. बॉल पायात आला की कमरेतून असा वाकायचा की समोरच्या गड्याला वाटायचं हा चालला डावीकडे, आणि हा उजवीकडून कधीच गेलेला. सर त्याला रोज शिव्या द्यायचे. ज्याला शिव्या देत नाहीत तो खेळाडू कामाचा नाही, हे आम्हाला तोवर कळलं होतं. मला तो चिडवायचा, "तू गोली हायस, तुला काय पळायचं? उभा राहा नि जेवणाची वाट बघ." मीही ऐकून घ्यायचो नाही. पण घरी जाताना सायकल मी चालवायचो आणि एसटी स्टँडपर्यंत तो कॅरिअरवर बसायचा.

त्याच्या घरची गोष्ट अशी होती की दोन वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत भात तीन-चार वर्षं नीट होत नाही. बाप त्याला म्हणाला होता, हे वर्ष शीक, पुढच्या वर्षी कॉलेज बंद, माझ्याबरोबर बांधावर माती टाकायला चल. त्याला बांधावर जायचं नव्हतं. आणि त्या पावसाळ्यात एक दार उघडलं. सरांनी आम्हाला रोह्याला नेलं होतं, धाटावच्या एका कंपनीच्या टीमबरोबर सरावाचा सामना खेळायला. त्या कंपनीत एक बंगाली साहेब होते. फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. छत्री घेऊन रेषेच्या कडेला उभे होते, पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी छत्री मिटली आणि भिजत बघत राहिले. सामना संपल्यावर सरांना म्हणाले, "ये लडका मुझे चाहिए." कंपनीच्या टीमला फॉरवर्ड हवा होता. ट्रेनी म्हणून घेणार, मग पर्मनंट. पण वरच्यांना सांगायला एक खरा सामना बघायला हवा, म्हणाले. कॉलेजचा पहिला सामना पेणलाच आहे ना गणपतीनंतर, मी येतो. तिथे चांगला खेळला तर दिवाळीनंतर कामावर.

येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. नागोठणं गेलं, त्याचं गाव आलं तरी उतरला नाही. पेणपर्यंत आला. "आज घरी गेलो तर आयला सांगेन," म्हणाला, "आणि सांगितला नि नाय झाला तर?" मग स्टँडवर चहा पिऊन उलट्या गाडीने परत गेला. त्याच्या त्या एका सामन्यावर सगळं होतं, हे आम्हा अकराच्या अकरा जणांना माहीत होतं. निदान मला तरी पूर्ण माहीत होतं.

गणपती झाले. सामना दुपारी होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चारला लक्षात आलं की ग्राउंड आखायला चुना नाही. कॉलेजच्या शिपायाने तो विसर्जनानंतर गटारांवर मारून संपवला होता. सर त्याच्यावर ओरडले, मग आमच्यावर ओरडले. "पांढरं कायबी आणा रे, पण रेघ दिसली पायजे." मी म्हणालो, आमच्याकडे मेलेलं प्लास्टर पडलंय.

मेलेलं म्हणजे काय ते सांगायला हवं. प्लास्टर पाण्यात कालवलं की थोड्या वेळात दगड होतं, तेच त्याचं काम. पण गोणी पावसाळाभर ओलीला राहिली की हवेतलं पाणी पिऊन ते आतल्या आत मरतं. मग कितीही कालवा, चिखलच राहतो. चतुर्थीनंतर कारखान्याच्या कोपऱ्यात अशा मेलेल्या गोण्या पडलेल्या असायच्याच. मात्र आमच्याकडे एक शिस्त होती. गोणी हलवण्याआधी वाटीत चिमूटभर घ्यायचं, पाणी घालायचं, विडी ओढून होईपर्यंत थांबायचं आणि नखाने टकटक करून बघायचं. वाजलं तर जिवंत. नाही वाजलं तर मेलेलं. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांचाही नव्हतो. ते स्वतः विडी ओढत नसत, काका ओढायचे, म्हणून तपासायचं काम काकांचं.

मी सायकलने घरी गेलो. अंधारून आलं होतं. कोपऱ्यात भिंतीला लागून तीन गोण्या होत्या. मी कडेची उघडली, आत बोट घातलं. मेलेलं प्लास्टर हाताला खरखरीत लागतं, त्यात खडे झालेले असतात. हे मऊ लागलं. मऊ लागलं म्हणजे हे जिवंत असू शकतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. वाटी पाच पावलांवर होती. पण ग्राउंडवर सगळे थांबले होते, सर ओरडत असणार, आणि सीझनचे दोन महिने झोप न झालेलं अंग. म्हटलं, जाऊ दे, आता सीझन संपल्यावर कुठलं जिवंत राहायला. गोणी कॅरिअरला बांधली आणि निघालो.

दोरी धरायला गडबवालाच आला. एक टोक त्याच्या हातात, दुसरं खुंटीला आणि मी मधून डबा हलवत प्लास्टर सोडत चाललेलो. दोन्ही टोकांना गोलपुढच्या चौकटी आखल्या, त्यांना आम्ही डी म्हणायचो. "जाड टाक," तो म्हणाला. "साहेबाला लांबनं दिसली पायजे." मी जाड टाकली. चार बोटं रुंद, वर चांगला थर. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर माझ्या बाजूने बोलल्यासारखं झालं असतं.

रात्री परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली. सकाळी लख्ख ऊन. दुपारी मी ग्राउंडवर पोचलो तेव्हा सर खुशीत होते. "बघितलास का, एक रेघ पुसली न्हाई. चुन्याच्या बापाला जमलं नसतं हे." दोघातिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी माझ्या गोलकडे गेलो आणि डीच्या रेषेवर बूट ठेवला. कट्ट वाजलं. वाकून नखाने टकटक केली. वाजलं. चार बोटं रुंद, दोन बोटं उंच, काठ धारेला आलेला दगडच होता तो, डीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सामन्याला पाऊण तास होता. टिकाव आणि घमेलं कॉलेजच्या खोलीत होतं. दहा पोरं लावली असती तर दोन्ही डी अर्ध्या तासात फुटले असते. सरांना सांगायचं होतं फक्त. सर तिकडे बंगाली साहेबांना खुर्ची आणायला पळत होते, साहेब इस्त्रीच्या पँटीत आले होते, समोरची टीम बसमधून उतरत होती आणि गडबवाला एकटाच मधल्या वर्तुळात बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा बांधत बसला होता. मी मूग गिळून राहिलो. एवढंच केलं असतं तर एक वेळ ठीक. पण कीपरला गोल सोडून पळत पुढे यावं लागतं आणि त्या वेळी पाय डीच्या रेषेवर पडतो. मी टाचेने माझ्या समोरची रेघ फोडायला लागलो. या पोस्टपासून त्या पोस्टपर्यंत, माझ्या पायापुरती. तुकडे बाजूला ढकलले. कुणी बघितलं तर वाटेल कीपर पाय गरम करतोय. मग शिट्टी झाली.

पहिल्या हाफमध्ये आमचा हल्ला पलीकडच्या गोलवर. त्यामुळे मी जे बघितलं ते शंभर पावलांवरून बघितलं. तो दोनदा गोलपर्यंत गेला, एक बॉल वाशाला लागला. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. तिसऱ्यांदा उजवीकडून बॉल आला. तो वाकला, डावीकडे जातोय असं दाखवलं, उजव्या पायावर वजन टाकलं आणि वळला. अंग वळलं. पाय वळला नाही. बुटाखालचा स्टड डीच्या रेषेच्या काठात अडकला होता. तो पडला तो आवाज न करता पडला. बघणाऱ्यांना वाटलं, नुसता घसरला.

मला तेव्हा काय वाटलं असं विचाराल तर काही वाटलं नाही, हेच खरं उत्तर आहे. हात-पाय होते, मी पोस्टमध्ये उभा होतो, लोक धावताना दिसत होते. कुणीतरी कापूस कोंबून ठेवावा तशी छाती. त्याला उचलून बाहेर नेलं. सरांनी दुसरा पोरगा आत पाठवला आणि सामना पुढे सुरू झाला. त्या दुपारी माझ्याकडे अकरा-बारा बॉल आले असतील. मी एकही आत जाऊ दिला नाही. भीती असते म्हणून माणूस चुकतो, आणि माझ्यात तेव्हा भीतीही उरली नव्हती. बॉल यायचा आणि ट्रकवरचा माल घ्यावा तसा मी तो घ्यायचो. सामना बरोबरीत सुटला. सगळे माझ्याकडे पळत आले. मी विचारलं, त्याला कुठे नेलाय.

दवाखान्यात पोचलो तेव्हा कंपाउंडर पांढऱ्या पट्ट्या बादलीतल्या पाण्यात बुडवत होता. त्या वासाने मी दारातच थांबलो. आमच्या घराचा वास तो. त्याने मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या, थोडा वेळ थांबला आणि नखाने टकटक करून बघितलं. वाजलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण गुडघ्याच्या आतली दोरी तुटली, खेळ विसरा आता. त्याची आई पलंगाच्या पायथ्याशी बसून होती. त्याच्या हाफपँटला चिकटलेलं काहीतरी पांढरं ती नखाने खरवडून काढत होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब हाय का गेला?" मी म्हणालो, हाय. साहेब गेले होते.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "ती नवी गोणी कुठे गेली? रिपेरीच्या कामाला म्हणून चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आणलेली." चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, मेली होती, टाकून दिली. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. गावभर बातमी झालेलीच होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्यानंतर जितके सीझन आम्ही एकत्र काम केलं तितक्या सीझनला प्रत्येक गोणी उघडल्यावर ते स्वतः वाटी आणायचे, पाणी घालायचे आणि ती वाटी माझ्यासमोर ठेवायचे. काका विडी घेऊन तयार असले तरी.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं ना त्याला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, इतकं ते सोपं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

सीझन पुढे चालू राहिला, कारण सीझनचं काही अडत नाही. कोकणातल्या चार-पाच कॉलेजांशी खेळलो. एसटीने जायचं, कुणाच्या तरी ग्राउंडवर कपडे बदलायचे, खेळायचं, वडापाव खाऊन परत. आम्ही जिंकतही होतो. एक सामना माझ्याच जिवावर जिंकला आणि सरांनी मला शिवी दिली, म्हणजे मी कामाचा खेळाडू झालो. मला त्यातलं धड काही आठवत नाही. कुठल्या गावी कुठला सामना, कोण किती गोलने, विचारू नका. आठवतं ते एवढंच की प्रत्येक ग्राउंडवर गेल्यावर मी आधी वाकून रेघ नखाने वाजवून बघायचो. सगळीकडे चुनाच होता. शेवटचा सामना रोह्याला झाला. तो आम्ही हरलो. गोल माझ्या दोन पायांमधून गेला. पोरं रडली. मी जाळ्यातून बॉल काढून पंचाला दिला.

रेषेच्या कडेला बंगाली साहेब होते. जवळ आले. "वो लडके का बहुत बुरा हुआ," म्हणाले. मी मान हलवली. मग म्हणाले, "कीपर भी चाहिए हमको." जागा एकच होती. ती त्याची होती. मी साहेबांच्या छत्रीकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "जी."

आता इथे कुणी भोळेपणाने म्हणेल की तू नाही म्हणायला हवं होतंस. हवं होतं. नाही म्हटलं नाही. कारखान्यात चार महिने काम, आठ महिने बसून, आणि इकडे शिफ्टची पक्की नोकरी, पर्मनंट. घरी आईने साखर वाटली. मी गडबला गेलो सांगायला. गोणीचं सांगायचं, मग नोकरीचं, असं ठरवून गेलो होतो. तो ओटीवर प्लास्टरमधला पाय लांब करून बसला होता. मी नोकरीचं आधी सांगितलं. तो थोडा वेळ प्लास्टरवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "जा. आपल्यातला कोनतरी गेला पायजे." आतून त्याच्या आईने चहा आणला. चहा पिऊन मी उठलो. गोणी तशीच राहिली.

सर वर्षभराने बदली करून कोल्हापूरला परत गेले. गोलपोस्टचे वासे कुणीतरी मांडवाला नेले. आमच्या कॉलेजात फुटबॉल झाला तो तेवढा एकच सीझन.

मी धाटावला तीस वर्षांच्या वर नोकरी केली. कंपनीच्या टीममध्ये सात वर्षं खेळलो, मग बॉयलर, मग शिफ्ट इन्चार्ज. बिऱ्हाड पेणला. कंपनीची बस पेणहून सुटायची, गडब, नागोठणं, रोहा, धाटाव. त्याच वाटेने परत. आणि गडबला हायवेच्या कडेला त्याने दुकान टाकलं. आधी नुसती चहाची टपरी, मग पोह्याचे पापड, मिरगुंडं, बिस्किटं. लग्न झालं, पोरं झाली. हायवे रुंद झाला तेव्हा दुकान दहा पावलं मागे गेलं, पण होतं तिथेच. पुढ्यात खुर्ची आणि खुर्चीसमोर एक स्टूल. उजवा पाय त्याला वाकवता येत नसे, तो स्टुलावर लांब ठेवलेला असायचा.

जाताना दुकान डाव्या हाताला. मी उजव्या खिडकीला बसायचो. येताना दुकान उजव्या हाताला. मी डाव्या खिडकीला बसायचो. फर्स्ट शिफ्ट असो, सेकंड असो, बसमध्ये माझ्या जागा ठरलेल्या होत्या आणि लोकांना वाटायचं मला ऊन सोसत नाही. गडब जवळ आलं की मी पलीकडच्या शेतांकडे बघायचो. भात लावलेलं, भात कापलेलं, नुसतं रान. तीस वर्षं मी ती शेतं बघितली. काय वाटायचं? काही नाही. डबा उघडताना वाटतं तेवढंही नाही.

रिटायर झालो त्या दिवशी शाल, नारळ आणि एक घड्याळ मिळालं. तीनच्या सुमारास फर्स्ट शिफ्टच्या बसने निघालो. डाव्या खिडकीला बसलो. नागोठणं गेलं आणि मी उठून ड्रायव्हरला म्हणालो, गडबला थांबव. तो म्हणाला, "काका, इथं कोण तुमचं?" मी उतरलो.

रस्ता ओलांडून गेलो. केस पांढरे झालेले, बाकी तोच. पाय स्टुलावर. माझ्याकडे बघितलं, हातातल्या शालीकडे बघितलं. "आज या बाजूला कसा?" म्हणाला.

मला बसवेना. उभ्यानेच म्हणालो, "त्या मॅचच्या वेळची गोणी. मी तपासली नव्हती. प्लास्टर जिवंत होतं."

"बस आधी," म्हणाला. सुनेला हाक मारून दोन चहा सांगितले. "म्हाईत हाय. आयने पँटीचा खडा काढला तो दिवाळीपर्यंत फळीवर ठेवलेला. आमच्या घरात प्लास्टर कुठनं येनार? आणि जाड टाक मीच बोललेलो तुला. चुकी होते मानसाची. त्याचा काय नाय."

"तीस वर्षं माहीत होतं तुला?"

"व्हय. आणि तू रोज पलीकडं बसतोस, हे पन. पयल्या पयल्यांदा वाटायचं, आज उतरंल. मंग वाटायचं, पोराच्या लग्नाला तरी उतरंल." त्याने पाय जरा हलवला. "मी काय खाल्ला असता काय रं तुला?"

चहा आला. मला तिथेच थांबता आलं असतं. माफी झाली होती, म्हणा. पण इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर यायला लागलं की अर्ध्यावर थांबत नाही. मी म्हणालो, "मॅचच्या आधी मला कळलं होतं. रेघ दगड झालीय ते. पाऊण तास होता. माझ्या गोलसमोरची मी टाचेने फोडून काढली. माझ्या पायापुरती."

त्याने हातातला कप स्टुलाच्या कडेला ठेवला. बराच वेळ आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला, कुणी दुसऱ्याचा गुडघा आणून ठेवलाय तसा. मला त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. पलीकडे त्याच शेतात भात पिवळं पडलं होतं. या बाजूने मी ते कधी बघितलं नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा मला रडू आलं आणि तेही लाज वाटून मी शालीत पुसलं.

"हे नव्हतं म्हाईत," तो म्हणाला. एवढंच.

मग आम्ही बसून राहिलो. एक गिऱ्हाईक आलं, सून उठून पापड देऊन आली. चहावर साय धरली. उठावं की बसावं, मला कळेना, आणि त्याने जा असंही म्हटलं नाही. साडेपाच होऊन गेले असतील, नागोठण्याच्या बाजूने आमच्या कंपनीची बस आली, जनरल शिफ्टची. हॉर्न ऐकून त्याने मान वर केली. बस समोरून जाईपर्यंत तो तिच्या पलीकडच्या खिडक्या एकेक करून बघत राहिला. मी त्याच्या शेजारी बसलेलो होतो.